गुंडाळी पडलेली मॅट आणि वर आलेले कोपरे: जमिनीला सपाट कसे बसवावे

दुकानातून गुंडाळून आणलेली मॅट जमिनीवर पसरली की तिची दोन्ही टोके पुन्हा आत वळतात, आणि पायाने दाबून ठेवले तरी पाय उचलताच पूर्ववत होतात. पुष्कळ घरांत यावर तात्पुरता उपाय म्हणून कोपऱ्यावर खुर्चीचा पाय किंवा कुंडी ठेवली जाते आणि ती तिथेच राहते. या लेखात मॅट मुळातून सपाट कशी करावी, हे पायरीपायरीने सांगितले आहे. पहिल्यांदाच स्वतःचे घर लावणारे, भाड्याच्या खोलीत राहणारे विद्यार्थी, किंवा आईवडिलांच्या घरातील जमीन सुरक्षित करू पाहणारे यांना तो उपयोगी पडावा, अशी इच्छा आहे. यातील शेवटच्या गटासाठी हा विषय विशेष महत्त्वाचा आहे, कारण वृद्ध माणसे पाय फारसा न उचलता चालतात, रात्री दिवा न लावता न्हाणीघराकडे जातात, आणि बोटभर वर आलेली कड त्यांच्या चपलेला किंवा काठीच्या टोकाला सहज अडते. म्हणून घरात वृद्ध असतील तर कड सपाट होईपर्यंत ती मॅट येण्याजाण्याच्या वाटेवर अंथरूच नये.

पहिली पायरी: वळण कोणत्या बाजूला आहे ते पाहणे

वजन किंवा ऊब यांकडे वळण्याआधी मॅट सपाट जागेवर ठेवून शांतपणे तिचे निरीक्षण करावे. कडा वर आल्या आहेत, की कडा खाली आणि मधला भाग फुगलेला आहे? चारही कोपरे वळले आहेत, की गुंडाळीच्या दिशेची दोनच टोके? या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर पुढचे बरेच काही अवलंबून आहे.

नियम सोपा आहे. मॅट ज्या बाजूला वळते, ती बाजू आखडलेली असते. गुंडाळून ठेवलेल्या मॅटमध्ये आतला थर दबलेला आणि बाहेरचा थर ताणलेला राहतो. ती अनेक महिने गोदामात तशीच पडून राहिली की दोन्ही थर त्या लांबीला रुळतात, आणि मग उलगडल्यावरही आतला थर आखूडच राहतो. धुतल्यावर वळलेल्या मॅटमध्येही हेच घडते, फक्त कारण वेगळे असते. वरचा सुती थर आटतो, खालचा रबराचा थर आटत नाही, आणि कडा वर खेचल्या जातात. उलट मधला भाग फुगून कडा जमिनीकडे वळल्या असतील, तर खालचा थर आखडलेला आहे असे समजावे. गवती किंवा पानांच्या चटईत एक बाजू ओली आणि दुसरी कोरडी राहिली की ओली बाजू फुगते आणि चटई कोरड्या बाजूकडे वळते.

यावरून उपायाची दिशा ठरते. आखडलेल्या बाजूला मोकळे करायचे, ताणलेल्या बाजूला परत आणायचे, आणि सपाट अवस्थेत पदार्थाला स्थिरावू द्यायचे.

दुसरी पायरी: मॅट कशाची आहे ते ओळखणे

एका मॅटला जे मानवते त्याने दुसरी कायमची बिघडते, म्हणून ही पायरी गाळू नये. लेबल असेल तर ते वाचावे. नसेल तर हाताने आणि नाकाने बरेच कळते. पीव्हीसीची शीट वजनाला जड, वरून गुळगुळीत किंवा नक्षीदार, आणि नवी असताना प्लास्टिकचा उग्र वास असलेली असते. बाजारात मिळणारी रंगीत प्लास्टिकची चटई बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या पोकळ, काडीसारख्या नळ्यांची असते आणि ती हातात अगदी हलकी लागते. रबराला त्याचा स्वतःचा वास असतो, आणि ते दाबून सोडल्यास लगेच मूळ आकारावर येते. काथ्याचे पायपुसणे, सुती सतरंजी आणि शिंदीच्या पानांची चटई तर पाहताक्षणी ओळखू येतात. पायपुसण्याच्या बाबतीत मात्र उलट बाजूही तपासावी, कारण वर काथ्या आणि खाली पीव्हीसी किंवा रबर असे दोन थर असले तर दोघांचाही विचार करावा लागतो.

याच वेळी मॅट दोन्ही बाजूंनी पुसून पूर्ण कोरडी करावी. तिच्यावर खडे किंवा वाळू राहिली आणि वर वजन आले, तर ते खडे मॅटमध्ये आणि जमिनीतही रुततात.

तिसरी पायरी: ऊब, उलटी गुंडाळी, वजन आणि वेळ

पीव्हीसी, प्लास्टिक आणि (रबराची नसलेली) योगा मॅट यांच्यासाठी ही मूळ रीत आहे. प्लास्टिकचे लांबलांब रेणू एकमेकांत गुंतलेले असतात आणि गारव्यात ते जागचे हलत नाहीत. थोडी ऊब मिळाली की ते एकमेकांवरून सरकू लागतात आणि नवा आकार स्वीकारतात. नंतर गार होताना ज्या अवस्थेत असतील त्या अवस्थेत ते पुन्हा घट्ट होतात. त्यामुळे ऊब देण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व मॅट वजनाखाली पूर्ण गार होऊ देण्याला आहे. गरम मॅट सपाट झालेली पाहून समाधानाने वजन काढून घेतले की ती गार होताना पुन्हा वळते, आणि या रीतीत काही अर्थ नाही असे वाटू लागते. येथे घाई करू नये.

ऊब देण्याचे सर्वांत चांगले साधन म्हणजे ऊन. मॅट गच्चीवर किंवा गॅलरीत पसरावी आणि हाताला मऊ लागू लागली की आत आणावी. किती वेळ ठेवावी हे घड्याळाने ठरवू नये. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात आणि मराठवाड्यात हवेचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते आणि गच्चीची फरशी त्याहून पुष्कळ अधिक तापते, त्यामुळे तेथे १० मिनिटेही पुरतात. डिसेंबरातल्या पुण्यात तासभर लागू शकतो. भर उन्हात मॅट दुपारभर विसरली गेल्यास रंग उडतो आणि प्लास्टिक लवकर ठिसूळ होते.

ऊन नसेल, पावसाळा असेल किंवा घराला गच्ची नसेल, तर हाताला सोसेल इतक्या, म्हणजे अंघोळीच्या कढत पाण्यात टॉवेल बुडवून, पिळून वळलेल्या भागावर पसरावा आणि गार होत आला की बदलावा. उकळते पाणी ओतू नये, कारण खाली फोमचा थर असलेल्या मॅटमध्ये त्याने फुगे येतात. हेअर ड्रायरही चालतो, परंतु तो एक वीतभर दूर धरून सतत हलवत ठेवावा लागतो. एका जागी क्षणभर अधिक थांबला तरी पातळ शीट आक्रसते, म्हणून मी नवख्या माणसाला टॉवेलच सुचवेन. प्लास्टिकच्या कोणत्याही मॅटवर इस्त्री मात्र फिरवू नये. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंशांना वितळते आणि सुती कपड्यांसाठी ठेवलेल्या इस्त्रीचा तवा २०० अंशांच्या आसपास असतो. वितळण्याच्या बऱ्याच आधी नळ्या चपट्या होतात, त्या वेगळ्या.

मॅट कोमट असतानाच ती उलट दिशेने गुंडाळावी. पूर्वी नक्षीची बाजू आत होती, तर आता ती बाहेर येईल अशी. ही गुंडाळी घट्ट करू नये. घरात बैठकीचा लोड असेल तर त्याभोवती गुंडाळावी, कारण त्याचा घेर मोठा असल्याने मॅटला घडी पडत नाही. सुती कापडाच्या रुंद पट्ट्यांनी ती दोनतीन ठिकाणी सैल बांधावी. सुतळी किंवा रबरबँड वापरू नये, त्यांचे वळ उमटतात. जाड मॅट असेल तर रात्रभर, पातळ असेल तर दोनतीन तास ती तशी राहू द्यावी.

त्यानंतर मॅट सपाट, कोरड्या जमिनीवर पालथी, म्हणजे वळलेली टोके जमिनीकडे येतील अशी पसरावी आणि वजन ठेवावे. वजनाबाबत दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक म्हणजे वजन कडेला आणि कोपऱ्यांवर हवे, मधोमध ठेवलेल्या वजनाने काहीच साधत नाही. दुसरी म्हणजे वजन थेट मॅटवर न ठेवता खाली पाट किंवा सरळ फळी घालावी, म्हणजे दाब सारखा पसरतो आणि भांड्याच्या बुडाचा गोल ठसा उमटत नाही. घरात वजनांची कमतरता नसते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, या हिशेबाने २० लिटरचा पाण्याचा जार हे घरातले सर्वांत सोयीचे वजन आहे, आणि बादली भरून ठेवली तरी चालते. बांधकामातून उरलेले शहाबादी फरशीचे किंवा कडप्प्याचे तुकडे मिळाले तर उत्तमच, कारण ते सपाट आणि जड असतात, त्यांना वेगळी फळी लागत नाही. त्यांची धार मॅटला लागू नये म्हणून खाली जुनी चादर घालावी.

पातळ मॅटला एक दिवस, जाड शीटला दोन ते तीन दिवस वजनाखाली ठेवावे. वजन काढल्यावर मॅट सुलटी करून तासभर तशीच राहू द्यावी आणि मगच निर्णय घ्यावा. कड थोडी उचललेली राहिली तर हीच प्रक्रिया पुन्हा करावी. दुसऱ्या वेळी अधिक उष्णता देण्याचा मोह होतो, तो टाळून वेळ वाढवावा.

खोलीभर अंथरण्याची पीव्हीसी शीट

भाड्याच्या घरात जुन्या फरशीवर अंथरण्यासाठी फुटावर विकली जाणारी, लाकडी किंवा टाइल्सच्या नक्षीची ही शीट महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत सर्रास दिसते. तिला रेक्झिनची मॅट, प्लास्टिकचे कार्पेट किंवा नुसतेच फ्लोअर मॅट म्हणतात. ती सर्वांत जास्त त्रास देते, कारण आकाराने मोठी असल्याने ती उलटीपालटी करणे आणि तिच्यावर सगळीकडे वजन ठेवणे कठीण जाते. म्हणून तिच्या बाबतीत अंथरण्याआधीची तयारीच खरी कामाची ठरते.

दुकानदाराला शीट शक्य तितक्या रुंद घेराच्या गुंडाळीत बांधून देण्यास सांगावे, आणि रिक्षात बसवण्यासाठी तिची घडी घालू देऊ नये. गुंडाळीचे वळण जाते, पण पीव्हीसीला पडलेली घडी बहुतेक वेळा जात नाही. घरी आणल्यावर ती लगेच कापून न बसवता ज्या खोलीत अंथरायची आहे तेथेच एक पूर्ण दिवस उलगडून ठेवावी, म्हणजे ती खोलीच्या तापमानाला येते आणि तिच्यातला ताण काहीसा उतरतो. थंडीच्या दिवसांत हे काम सकाळी करू नये, दुपारी करावे.

कापताना भिंतीपासून चारही बाजूंना सुमारे ५ मिलिमीटर जागा सोडावी. ही गोष्ट नवख्यांना पटत नाही, कारण भिंतीला चिकटून कापलेली शीट त्या दिवशी अधिक नीटनेटकी दिसते. परंतु पीव्हीसी उष्णतेने वाढते, आणि वाढायला जागा नसली की उन्हाळ्यात तिच्या कडा भिंतीवर चढतात किंवा मध्ये लाट उठते. याच कारणाने शीटच्या समोरासमोरच्या दोन्ही कडांवर जड कपाटे ठेवू नयेत. एका बाजूला कपाट असावे, दुसरी बाजू मोकळी असावी. कापण्यासाठी धारदार कटर आणि स्टीलची पट्टी वापरावी. कात्रीने कापलेली कड नागमोडी होते आणि तिथूनच उचलू लागते.

खालची जमीन कोरडी आहे ना, हे त्याहून आधी पाहिले पाहिजे. तळमजल्यावरच्या शहाबादी फरशीला पावसाळ्यात ओल येते. प्लास्टिकच्या पिशवीचा एक चौरस फूट तुकडा जमिनीवर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि दुसऱ्या दिवशी उघडून पाहावे. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले असतील, तर त्या जमिनीवर शीट बसवण्याची ती वेळ नव्हे. ओल शीटखाली कोंडते, कुबट वास येतो, चिकटपट्टी सुटते आणि कोपरे पुन्हा वर येतात. अशा खोलीत पावसाळा सरेपर्यंत सुती सतरंजीवर भागवणे चांगले.

दारापाशी पावले सतत पडतात, म्हणून तेवढ्या कडेला दुहेरी चिकटपट्टी लावावी आणि शक्य असल्यास उंबऱ्याजवळ ॲल्युमिनियमची पट्टी बसवून घ्यावी. चिकटपट्टी लावण्याआधी फरशी ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावी, कारण सिमेंटच्या धुळीवर कोणतीही पट्टी टिकत नाही. घरमालकाची फरशी खराब होईल अशी चिंता असेल, तर उरलेल्या चिकटावर थोडे खाद्यतेल चोळून तासाभराने साबणाच्या पाण्याने पुसावे. बहुतेक चिकट निघून जातो. शीटवर मात्र घासलेट किंवा थिनर वापरू नये. पीव्हीसी मुळात कडक असते आणि ती मऊ राहावी म्हणून तिच्यात तेलकट द्रव्ये मिसळलेली असतात. थिनरसारख्या द्रावकांनी आणि वर्षानुवर्षांच्या उन्हाने ती द्रव्ये बाहेर पडतात, शीट आखडते आणि कडा वळतात, आणि त्या वळणावर पुढे कोणताही उपाय चालत नाही.

प्लास्टिकची चटई आणि योगा मॅट

प्लास्टिकच्या चटईला वरची मूळ रीत पुरते. एवढेच ध्यानात ठेवावे की तिच्या नळ्या पोकळ असल्यामुळे घट्ट उलटी गुंडाळी किंवा टोकदार वजन यांनी त्या चेपतात, आणि चेपलेली नळी पुन्हा गोल होत नाही. काठाला शिवलेली कापडी पट्टी आखडली असेल तर चटई सरळ असूनही काठ वळलेला दिसतो. तेव्हा ती पट्टी उसवून सैलसर पुन्हा शिवून घ्यावी.

योगा मॅट रबराची असेल तर तिला उन्हात अजिबात ठेवू नये, कारण ऊन रबराला भेगा पाडते. सावलीत उलटी गुंडाळी आणि वजन एवढ्यावरच ती सरळ होते, फक्त वेळ जास्त लागतो. पीव्हीसीच्या मॅटला थोडे कोवळे ऊन चालते. पुढे रोज गुंडाळताना पाय ठेवण्याची बाजू बाहेर राहील अशी गुंडाळावी, म्हणजे पसरल्यावर टोके जमिनीकडे झुकतात आणि आसने करताना अंगठा अडकत नाही.

सतरंजी

सतरंजीचा स्वभाव या सगळ्यांहून वेगळा आहे. तेथे ऊब गौण आहे आणि पाणी मुख्य आहे. कापसाचा धागा ओला झाला की सैल होतो आणि वाळताना ज्या ताणात असेल तो आकार धरतो. धुतलेली सतरंजी दोरीवर मधोमध टाकून वाळवली की पाण्याच्या भाराने मधला भाग लांबतो, कडा तुलनेने आखूड राहतात आणि कोपरे वळतात. म्हणजे बिघाड वाळवण्यात झालेला असतो, आणि तो पुन्हा नीट वाळवूनच दुरुस्त करता येतो.

सतरंजी गार पाण्यात अर्धा तास भिजवावी. रंग जाण्याची शंका असल्यास एक कोपरा आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावा. भिजल्यावर पिळू नये. गुंडाळून, त्यावर दाब देऊन पाणी निथळू द्यावे. मग चौघांनी चार कोपरे धरून ती आधी लांबीने, मग रुंदीने आणि शेवटी तिरकस ताणावी. तिरकस ताण देणे बहुतेक जण विसरतात, पण कोपरे त्यानेच सरळ होतात. चौघे नसतील तर दोघांनी समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने धरावेत. त्यानंतर सावलीत, वारा असलेल्या जागी, जुन्या चादरीवर ती सपाट पसरावी, हाताने काठ सारखे करावेत आणि काठावर दर फुटावर स्वच्छ कापडात गुंडाळलेले वजन ठेवावे. अर्धी वाळल्यावर उलटी करून वजने पुन्हा ठेवावीत. पूर्ण वाळेपर्यंत उचलू नये.

तरीही एखादा कोपरा हट्टीपणे वळत राहिला, तर त्यावर ओले सुती कापड घालून वरून गरम इस्त्री दाबावी, घासू नये, आणि लगेच जड पाट ठेवून गार होऊ द्यावे. उलट बाजूने काठाला साबुदाण्याची किंवा तांदळाच्या पेजेची हलकी खळ लावण्याची जुनी रीतही परिणामकारक आहे. खळ लावलेली सतरंजी मात्र पावसाळ्यात घडी करून पेटीत ठेवू नये, कारण खळीच्या वासावर कसर लागते.

कोपऱ्यांचा कायमचा बंदोबस्त करायचा असेल, तर उलट बाजूला काठालगत दोनतीन सेंटिमीटर रुंदीची सुती नवार शिवावी. हे काम मला सर्व उपायांत अधिक आवडते, कारण त्यात चिकटपट्टी नाही, रसायन नाही, आणि सतरंजीचे आयुष्यही वाढते. नवार आधी भिजवून, वाळवून घेतली पाहिजे. न भिजवता शिवलेली नवार पहिल्याच धुण्यात आटते आणि सतरंजीचा काठ स्वतःकडे ओढून नवे वळण निर्माण करते. शिवताना नवारीच्या दोन्ही कडांना धावदोरा घालावा आणि दोरा ओढून घट्ट करू नये. कोपऱ्यात नवार दुमडून तिचे दोन थर करावेत, म्हणजे तेथे थोडा भार येतो.

शिंदीची आणि गवती चटई

पानांच्या आणि गवताच्या चटयांना कोरडेपणात वाकवले तर पाती तुटतात. त्यामुळे वळणाच्या आतल्या, म्हणजे खोलगट बाजूवरून पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले फडके फिरवावे. ती आखडलेली बाजू ओलाव्याने किंचित फुगते आणि चटई आपोआप सरळ होऊ लागते. बाहेरच्या फुगीर बाजूला पाणी लावले तर वळण वाढेल, म्हणून बाजू नीट ओळखून घ्यावी. अर्ध्या तासाने पाती लवचिक झाली की चटई पालथी पसरून फळ्या आणि वजन ठेवावे. दुसऱ्या दिवशी वजन काढून तिला दोन्ही बाजूंनी वारा लागू द्यावा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हा प्रयोग करूच नये, कारण हवा दमट असल्याने चटई वाळत नाही आणि एकदोन दिवसांत बुरशी धरते. उन्हाळ्यात खूप कोरड्या भागांत अशी चटई पुन्हा पुन्हा वळते, आणि तेथे आठवड्यातून एकदा ओलसर फडके फिरवणे पुरेसे असते.

पायपुसणे आणि न्हाणीघरातली मॅट

वर सुती झालर आणि खाली रबर असलेली मॅट धुतल्यावर वळली असेल, तर आटलेली बाजू सुती आहे हे उघड आहे. ती बाजू ओली करून, हाताने कडेकडेने ताणून, सावलीत वजनाखाली वाळवावी. यंत्रात गरम पाण्याने धुणे आणि मग कडक उन्हात टाकणे या दोन्हींमुळे खालचे रबर कोरडे पडते, त्याचा भुगा होऊ लागतो. बोटाने घासल्यावर रबराची पूड निघाली तर ती मॅट न्हाणीघराच्या दारात ठेवू नये, कारण घसरण्यापासून वाचवण्याचे तिचे काम संपलेले असते. रोज वाळवताना ती दांडीवर मधोमध घडी घालून न टाकता एका कडेने चिमट्यांनी लटकवावी.

काथ्याचे पायपुसणे जड असते, त्यामुळे ते उन्हात थोडे तापवून पालथे घालावे आणि वर एकदोन विटा ठेवाव्यात, एवढ्याने काम होते. व्हिनाइलच्या जमिनीवर रबरी तळाची मॅट फार काळ ठेवू नये, तिचे पिवळे डाग जमिनीवर उमटतात आणि ते निघत नाहीत.

मोटारीतील मॅट

येथे वळलेल्या कडेचा धोका घरापेक्षा मोठा आहे. चालकाच्या पायाखालची मॅट वळून किंवा सरकून ॲक्सिलरेटरच्या अथवा ब्रेकच्या पेडलखाली गेली तर गाडी आवरता येत नाही. म्हणून वळलेली मॅट चालकाच्या बाजूने तत्काळ काढावी, आणि ती सपाट होईपर्यंत मॅटशिवाय गाडी चालवावी. सपाट करणे सोपे आहे. दुपारी उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या डिकीत मॅट पालथी पसरून वर वजन ठेवावे आणि संध्याकाळी गाडी थंड झाल्यावर काढावी. परत बसवताना जमिनीवरच्या हुकात ती अडकवावी, पेडले पूर्ण दाबून पाहावीत, आणि एका मॅटवर दुसरी मॅट कधीही घालू नये.

सपाट झालेली मॅट तशीच राहावी म्हणून

गुळगुळीत टाइल्सवर मॅट सरकते, सरकल्याने कड दुमडते आणि दुमडल्याने पुन्हा वळण पडते. हे टाळण्यासाठी मॅटखाली घसरण रोखणारी जाळी घालावी. ती मॅटपेक्षा सर्व बाजूंनी दोन बोटे आत असावी, नाहीतर कडेखाली तिचीच उंची येते. दार उघडताना मॅटला घासत असेल, तर कितीही वेळा सपाट केली तरी ती वळणारच. अशा ठिकाणी पातळ मॅट घ्यावी किंवा तिची जागा बदलावी.

साठवताना मॅट शक्यतो पलंगाखाली सपाट ठेवावी. गुंडाळायचीच असेल तर वरची बाजू बाहेर ठेवून, रुंद घेराने गुंडाळावी आणि आडवी ठेवावी. कोपऱ्यात उभी केलेली गुंडाळी स्वतःच्या भाराने खाली चेपते आणि खालच्या काठाला लाटा पडतात.

सोडून देण्याची वेळ

पीव्हीसीची मॅट उन्हात तापवूनही मऊ होत नसेल, कोपरा वाकवल्यावर पांढरी रेघ किंवा तडा दिसत असेल, किंवा रबराचा तळ सुटून आला असेल, तर तिच्यावर आणखी श्रम घेऊ नयेत. वळलेल्या कडा कापून टाकल्यास मधला सपाट भाग चपलांच्या मांडणीत, सिंकखालच्या कप्प्यात किंवा फडताळात अंथरण्यास उपयोगी पडतो. उरलेले तुकडे पाणी तापवण्याच्या बंबात किंवा चुलीत जाळू नयेत, कारण पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड हा घसा आणि फुप्फुसे जाळणारा वायू निघतो. ते सुक्या कचऱ्यात द्यावेत.